गाडीची जबानी

चाचांच्या गॅरेजात ‘खराब झालं’ म्हणायला बंदी होती. गिऱ्हाईक गाडी लावून उतरलं आणि म्हणालं, “चाचा, गिअरबॉक्स गेला बघा,” की चाचा हात पुसत म्हणायचे, “गेला? कुठं गेला? इथंच तर दिसून राहिला.” शेडबाहेर लिंबाखाली एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर त्या माणसाला बसवायचे, स्वतः समोर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, “हां. आता जबानी द्या. पहिल्यापासून.”

जबानी म्हणजे जबानीच. पहिल्यांदा कधी झालं, रस्ता कसा होता, गाडीत किती माणसं होती, पाऊस होता का, आधी आवाज आला का आधी वास आला. माणूस मधेच निदान सांगायला लागला की चाचा हात वर करायचे. “काय झालं तेवढं सांगा. कामून झालं ते माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.”

हे सगळं लातुरात, आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा लातुरात कुणालाच वेळ नव्हता. दहावी झालेली पोरं आणि त्यांचे आईबाप अख्ख्या मराठवाड्यातून बोजाबिस्तरा घेऊन उतरत होते. घरमालकांनी गोठ्यांच्या खोल्या केल्या होत्या आणि त्या खोल्यांत चार-चार खाटा टाकल्या होत्या. भिंतीवर पूर्वी खताच्या जाहिराती असायच्या, तिथं आता टक्केवारी रंगवलेली. मी या सगळ्याविरुद्ध पत्रकं लिहीत होते. भूकंपाच्या गावांत दिलेल्या गळक्या घरांविरुद्धही लिहीत होते. मी हदगावच्या एका मास्तरांची मुलगी, कॉलेज संपवून एका छोट्या संस्थेत आलेली. सायक्लोस्टाईलच्या शाईनं बोटं काळी आणि डोक्यात सदा आग. चाचा मला ‘परचेवाल्या बाई’ म्हणायचे. पत्रक म्हणजे त्यांच्या भाषेत परचा.

“परचेवाल्या बाई, आज कोनाला फाशी?”

मी चिडायचे. ते हसायचे नाहीत. खरंच विचारताहेत असं तोंड करून उभे राहायचे.

त्यांचे कपडे पांढरे असायचे. मेकॅनिकच्या अंगात पांढरा सदरा, पांढरा पायजमा. अख्ख्या लातुरात या गोष्टीची थट्टा व्हायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “डाग पडला की कळतं, हात घाईत होता. काळे कपडे घातले तर कोन सांगंल मला?” संध्याकाळी शेड बंद करताना ते खरोखर सदऱ्याच्या बाह्या उलटसुलट करून बघायचे. डाग दिसला की दिवसभराचं काम मनात उगाळत बसायचे. एकदा तर त्यापायी एका जीपचं चाक पुन्हा काढून पाहिलं होतं. चाकात काही नव्हतं. म्हणाले, “चला, तसल्ली झाली.”

शेडच्या मागच्या भिंतीला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर गाडीतून काढलेले, संशय असलेले भाग. तिचं नाव ‘इल्जाम’. खालच्या फळीवर, ज्यांचा दोष तपासून पक्का झाला ते भाग. तिचं नाव ‘साबित’. वरची फळी नेहमी भरलेली आणि खालची जवळपास रिकामी. वरचे बहुतेक भाग चार दिवसांनी पुसून परत गाडीत जायचे. दुसऱ्या गॅरेजवाले नवा भाग बसवून मोकळे व्हायचे आणि चाचांना वेडं म्हणायचे. चाचा म्हणायचे, “बदलनं सोपं हाय. आपन सरकार बदललं, साहेब बदलले, बसचे टाइम बदलले. बस येऊन राहिली का टायमावर?”

एक उदाहरण सांगते. उदगीरचे एक धान्याचे व्यापारी मुलीला अकरावीला घालायला निघाले होते. जुनी फियाट. लातूरच्या वेशीवर गाडी काळा धूर ओकायला लागली आणि गचके खात चाचांच्या दारात येऊन बंद पडली. प्रवेशाची वेळ टळत चाललेली. शेटजी ओरडायला लागले. चाचांचा दुसरा नियम असा की चिडलेल्या माणसाची गाडी उघडायची नाही. त्यांनी माठाकडं बोट दाखवलं. “आधी पानी पिऊन या.” शेटजींनी एक पेला प्यायला, परत ओरडले. “अजून एक.” तीन पेले झाले तेव्हा ते स्टुलावर बसले.

“धूर कधीपासून?”

“निघाल्यापासून.”

“काल नव्हता?”

“काल न्हवता.”

“निघताना गाडीत नवं काय आलं?”

“काय येनार? पोरीची ट्रंक. अन् फायली.”

“फायली कुठं हायत?”

पोरीच्या फायलींची जड पिशवी गाडीच्या पुढच्या पट्टीवरच्या एका बटणाला अडकवलेली होती. ते बटण चोकचं. पिशवीच्या ओझ्यानं चोक बाहेर ओढला गेला होता आणि उदगीरपासून गाडी घशाखाली नुसतं पेट्रोल ढोसत होती. चाचांनी पिशवी उचलून शेटजींच्या मांडीवर ठेवली. झालं. शेटजी हसावं का रडावं अशा तोंडानं बघत राहिले. चाचा त्यांना म्हणाले, “पोरीला ओझं कमी घाला,” आणि आत निघून गेले. हे फायलींबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, ते शेटजींचं शेटजी जाणोत.

आता ज्या गाडीमुळं मी त्यांच्याकडं गेले, तिच्याबद्दल.

भूकंपानंतर परदेशातून जी मदत आली तिच्यात दोन सारख्या गाड्या होत्या. मोठ्या, पांढऱ्या, मागं हौदा असलेल्या. साध्या गाडीचा जोर दोन चाकांत असतो. काळ्या रानात पावसाळ्यात ती दोन चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात आणि गाडी पोटावर बसते. या गाड्यांत एक बटण दाबलं की पुढची दोन चाकंही ओढायला लागायची. मदतवाले दीडेक वर्षात परत गेले. जाताना त्यांनी एक गाडी आमच्या संस्थेला दिली, दुसरी नांदेडच्या एका संस्थेला. आम्ही आमच्या गाडीला टप बसवला, आत गादी, स्ट्रेचर आणि औषधांची पेटी ठेवली. दर आठवड्याला नर्सबाईंना घेऊन ती आतल्या वस्त्यांवर जायची.

कुणासाठी? सांगते. भूकंपात मेले त्यांच्यासाठी भाषणं झाली. कंबर मोडून जिवंत राहिले, त्यांच्याकडं दोन वर्षांनी कुणी फिरकेना. सरूबाई त्यांतली. भिंत अंगावर पडून पाठीचा कणा मोडलेला, कमरेखाली पाय असून नसल्यासारखे. सरकारी वसाहतीत घर मिळालं होतं, पण ते शेतापासून लांब. नवरा आणि दीर शेतावरच पत्र्याच्या खोपीत राहायचे, ती तिथंच पडून. पडून पडून पाठीला जखमा होत. त्या आठवड्याला धुवाव्या लागत, लघवीची नळी बदलावी लागे. वस्तीकडं जायला औशाच्या पुढं डांबरी सोडून काळ्या रानातली वाट आणि एक नाला. एकदा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं होतं. त्या हादऱ्यांनी ती दोन महिने तापानं पडली. म्हणजे आमची गाडी पोचली तर सरूबाई, नाहीतर नाही.

भूकंपानंतरच्या चौथ्या पावसाळ्यात, ऐन चिखलाच्या दिवसांत, त्या बटणाचा दिवा फडफडायला लागला आणि पुढची चाकं ओढेनात.

आमचे ड्रायव्हर मामा. एसटीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. लातूरच्या एका शोरूममधल्या इंजिनिअरनं गाडी पाहून सांगितलं की चार चाकांचा हुकूम देणारं कंट्रोल मॉड्यूल गेलंय, ते इकडं मिळत नाही, आणि असं सहसा ड्रायव्हरच्या चुकीनं होतं. डांबरीवर विनाकारण चार चाकं लावून पळवली की. मला तेवढं पुरलं. मी ‘संस्थेच्या वाहनाची हेळसांड’ अशा मथळ्याची नोटीस माझ्या हातानं लिहिली, बैठकीत वाचली आणि फळ्यावर लावली. मामांनी पेशंट घेऊन गाडी चालवायची नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं. मामा एवढंच म्हणाले, “म्या न्हाई केलं, ताई.” मी म्हणाले, “मग कुणी केलं?” मामा टोपी घालून बाहेर गेले. मी ती कबुलीच धरली.

गाडी चाचांकडं नेली तेव्हा मी स्टुलावर बसून सांगायला सुरुवात केली, “ड्रायव्हरनं मॉड्यूल खराब केलं…”

चाचांनी हात वर केला. “तुमी चालवता का गाडी?”

“नाही.”

“मग उठा. चालवनारा आना.”

मामांना बोलावलं. मामा स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“शेवटची कधी चालली चारी चाकं?”

“शनवारी. वस्तीवरनं आलो की.”

“बंद कधी दिसली?”

“सोमवारी सकाळी. लाल दिवा फडफड करूलागला.”

“मधी रविवार. रविवारी कोनी काढली?”

“कुनी न्हाई. हुबीच हुती.”

“शनवारी आल्यावर काय झालं?”

“काय न्हाई. धुतली. दर शनवारी धुत्यात.”

चाचा “हूं” म्हणाले आणि त्यांनी नजर माझ्याकडं वळवली. मला काही कळलं नाही. मी त्या वेळी ‘उभ्या गाडीला काय होतं’ असा टोमणा मनात जुळवत होते.

मग ते गाडीखाली गेले. पुढच्या चाकांना जोडणारी एक छोटी मोटर खाली असते. तिला त्यांनी बॅटरीची थेट वायर लावली. खट् करून मोटर फिरली. “मजूर जिता हाय,” खालून आवाज आला. वायरी तपासल्या, फ्यूज तपासला. “रस्ता बी चालू हाय. म्हनजे मुकादम बोलंना.” त्या मॉड्यूलला ते मुकादमच म्हणायचे: बटणाचा निरोप घेऊन मोटरला हुकूम सोडणारा.

“मग मोटरला अशीच थेट वायर लावून द्या ना, चाचा,” मी म्हणाले.

“फिरंल. पन थांबायचं कुठं, हे तिला मुकादमच सांगतो. न्हाई तर दाताला दात घासून सगळंच जाईल.”

मुकादमाचा डबा डाव्या सीटच्या पायापाशी, पत्र्याच्या आत बसवलेला होता. मामा चहा आणायला गेले होते. चाचांनी डबा काढून उघडला. आतल्या पितळी पायांवर हिरवी बुरशी चढलेली. त्यांनी डबा नाकाशी नेला आणि मग माझ्यासमोर धरला.

फिनेलचा वास होता.

“गाडी आतून कोन धुतं?”

पेशंट झोपतात तिथं स्वच्छता पाहिजे म्हणून दर शनिवारी पुढची-मागची सगळी गाडी आतून बादल्यांनी, फिनेलच्या पाण्यानं धुवायची, हा नियम माझा. ‘गरिबांच्या दवाखान्यालाही स्वच्छतेचा हक्क आहे’ असा बोर्डही मीच लिहून टपाच्या आत लावला होता. ते पाणी दर शनिवारी सीटखालून उतरून या डब्यात मुरत होतं.

“माझ्या हुकमानं,” मी म्हणाले.

चाचांनी डबा ‘इल्जाम’च्या फळीवर ठेवला. “अजून साबित न्हाई. बुरशी दिसली म्हनून बुरशीनंच मारलं असं न्हाई.” मग हळू आवाजात म्हणाले, “गाडीचा दोष काढनं माझा धंदा. मानसाचा न्हाई. मामाला मी काही सांगनार न्हाई.”

मामा चहा घेऊन आले. मी चहा प्याले. काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माणूस दुसऱ्यांच्या चुका छापून काढायला सरावला की स्वतःची एक तोंडानं सांगायची वेळ आली तर जीभ वळत नाही. हे मी कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

चाचांनी डबा स्पिरिटनं धुतला, पाय घासले, उन्हात वाळवला. गाडी एक दिवस चालली आणि परत दिवा फडफडला. आता नवा मुकादम पाहिजे. आणि तो या मुलखात एकाच ठिकाणी होता, नांदेडच्या त्या दुसऱ्या गाडीत.

आम्ही तिघं निघालो. मामा चालवत होते, कारण गाडीत पेशंट नव्हता. माझ्या नोटिशीची अक्षरं ते माझ्यापेक्षा काटेकोर पाळत होते. लोह्याच्या पुढं चाचांना डुलकी लागली. मामांनी आरशात एकदा बघितलं आणि मला म्हणाले, “तुमाला ठावं हाय का ताई, ह्या मानसानं भूकंपाच्या सकाळी काय केलं?”

मला ठाऊक नव्हतं. मामांनी सांगितलं. बातमी आल्यावर लोक टेम्पोत भाकरी, कपडे भरत होते. चाचांनी लातूरच्या गॅरेजागॅरेजातून जॅक गोळा केले. ट्रकचे, जीपचे, लहान-मोठे सगळे. तिकडची घरं जाड दगडामातीची. ढिगाऱ्याखाली माणूस बोलत असायचा आणि वरचा दगड चार जणांना हलायचा नाही. जॅक नुसता मातीवर लावला की खाली रुततो. चाचा पडलेल्या घरांची दारं ओढून आणायचे, दाराची फळी खाली, तिच्यावर जॅक, आणि दगड इंच-इंच वर. कान जमिनीला लावून आतल्या माणसाला विचारायचे, “कुठं दाबतंय? आता? आता?” त्यानं सांगितल्याशिवाय पुढचा दांडा मारायचे नाहीत.

“म्या एसटी घेऊन गेल्तो तितं,” मामा म्हणाले. “बाकीचे वरनं उपसत हुते. ह्यो एकटा इचारत हुता.”

चाचांनी डोळे न उघडता म्हटलं, “मामा, खड्डे बघा.”

नांदेडची गाडी आम्हाला शोधावी लागली नाही. तिचा भोंगा आधी ऐकू आला. ज्या संस्थेला ती मिळाली होती, तिच्या कारभाऱ्यांच्या नात्यातल्या एकानं कोचिंग क्लास काढला होता आणि गाडी तिकडं गेली होती. दोन्ही बाजूंना पोरापोरींचे फोटो, खाली मार्क. भूकंपाच्या चिखलासाठी आलेली गाडी गुळगुळीत डांबरीवर प्रवेशाची दवंडी पिटत फिरत होती! माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला.

क्लासचे सर तिशीतले, हसतमुख. मी सरळ म्हणाले, “ही गाडी तुमची नाही. हिच्यातला एक भाग आम्हाला पाहिजे. दिला नाहीत तर नांदेडभर पत्रकं वाटीन.”

“वाटा की, मॅडम,” सर म्हणाले. “माझीच जाहिरात होईल.”

चाचांनी मला मागं ओढलं. “सर, तुमी काय शिकवता?”

“फिजिक्स.”

“मग एक सवाल. एका घरात दिवा लागंना. दिवा मेला का होल्डर मेला, कसं ओळखाल?”

सरांनी क्षणभरही घेतला नाही. “तो दिवा दुसऱ्या चालू होल्डरमध्ये लावून बघायचा.”

“आन् चांगला दिवा त्या संशयाच्या होल्डरमध्ये लावला तर?”

सर थांबले. “होल्डरमध्ये दोष असेल तर… चांगलाही जाईल.”

“शाबास. आमचा मेलेला दिवा तुमच्या होल्डरात लावू द्या. तुमचा दिवा मी अजून मागितला न्हाई.”

सर बाह्या मागं सारून स्वतः गाडीत शिरले. दोघांनी मिळून आमचा डबा त्यांच्या गाडीत लावला. बटण दाबलं. लाल दिवा फडफडला. आमचाच डबा मेला होता, आता त्यात शंका नाही. त्यांचा परत लावला, तर खट् करून चारी चाकं लागली. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी वर्गातून दोन मास्तर बोलावून त्यांना दाखवलं.

“आता मागतो,” चाचा म्हणाले. “तुमची गाडी कधी चिखलात जानार न्हाई. हा डबा तिला नसला तरी ती असंच गाऊन राहील.”

सर हसले. “देतो. पण तुमच्या गाडीवर माझ्या क्लासचं नाव टाकायचं. दोन्ही बाजूंनी.”

मी ताडकन म्हणाले, “अजिबात नाही!”

चाचांनी मला नळाकडं नेलं आणि पेला हातात दिला. “प्या.”

“चाचा, दवाखान्याच्या गाडीवर कोचिंगची जाहिरात? लाज आहे का नाही?”

“हाय की. पन अक्षरं वजनाला किती? गाडीला ओढायला जड जातील का?”

मी पाणी प्याले. सरांच्या ऑफिसातून मघाशी आमच्या लातूरच्या ऑफिसला फोन लावून ठेवला होता, तेवढ्यात तो लागला. नर्सबाई बोलत होत्या. वस्तीवरच्या दूधवाल्यानं निरोप आणला होता: सरूबाईला ताप उतरेना, जखमेला वास सुटलाय, नाल्याला पाणी आहे. मी फोन ठेवला आणि सरांना म्हणाले, “टाका नाव.”

पेंटर आला. मला वाटलं, आता डबा लावायचा आणि निघायचं. चाचांनी मात्र सीट काढून ठेवली, पायाखालचा पत्रा उचकटला आणि आतला ओलावा फडक्यानं टिपायला बसले.

“चाचा, बाई मरेल तिकडं! डबा लावा!”

“ज्यानं पहिला मारला तो अजून इथंच बसलाय,” ते फडकं पिळत म्हणाले. त्यातून काळं पाणी गळलं. “हा बी मेला तर तिसरी गाडी कुठून आनायची? बाई, तुमची घाई खरी हाय. पन पानी घाईला घाबरत न्हाई.”

त्यांनी गंजलेली अर्थिंगची वायर घासून नवी केली. डब्याची जागाच बदलली. खालून उचलून डॅशबोर्डच्या आत उंचावर, ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळून बांधला. संध्याकाळी सदऱ्याच्या बाह्या पाहिल्या. म्हणाले, “मुक्काम करू. पहाटे निघू.” मी रागानं जेवलेही नाही. आज वाटतं, त्या दिवशी त्या गाडीजवळ शहाणा माणूस एकच होता. चाचा आता उदगीरला लेकीकडं असतात. गॅरेजच्या जागी मुलींचं वसतिगृह झालंय.

दुसऱ्या दिवशी लातूरला नर्सबाईंना घेतलं. चाचांचं काम संपलं होतं, ते उतरतील असं मला वाटलं. ते उतरले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

डांबरी सोडल्यावर मामांनी बटण दाबलं. खट्. गाडी काळ्या चिखलातून म्हशीसारखी सावकाश, न थांबता चालली. नाल्यात मांडीएवढं पाणी होतं, तेही पार झालं. सरूबाई खोपीत पालथी पडली होती. नर्सबाईंनी पाठ उघडली आणि माझ्याकडं पाहून मान हलवली: इथं भागणार नाही, लातूरला न्यावं लागेल.

“लई दिस लावलाव की ओ,” सरूबाई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, चौकशी होती.

ती पुढं दीड महिना लातूरच्या दवाखान्यात राहिली आणि बरी होऊन वस्तीवर परत गेली. हे इथंच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते परतताना नाल्याच्या काठावर झालं.

वर कुठंतरी पाऊस झाला होता. पाणी वाढलं होतं, गढूळ, तळ दिसत नव्हता. चाचा गाडी थांबायच्या आत उतरले, एक बाभळीची काठी घेतली आणि पाण्यात शिरले. साठीचा माणूस. मी ओरडले, “चाचा, गाडीत बसा!”

“डब्यावर माझा भरवसा हाय. नाल्यावर न्हाई,” ते म्हणाले आणि काठीनं तळ चाचपत पुढं गेले.

मामांनी इंजिन चालू ठेवलं होतं, पण गाडी पुढं घेत नव्हते. ते मागं वळले.

“ताई, गाडीत पेशंट हाय.”

“हो, मग?”

“फळ्यावर नोटीस हाय तुमची. पेशंट घालून म्या चालवायची न्हाई. हितवर सपाट रान हुतं, आनली. ह्या पान्यातनं न्यायचं म्हंजे… काय झालं तर परत माज्यावर येईल. तुमी सांगा. नेऊ का नको?”

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मागं सरूबाई कण्हत होती. नर्सबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“मामा,” मी म्हणाले, “गाडी तुम्ही नाही बिघडवली. मी बिघडवली. आतून फिनेलचं पाणी ओतायचा नियम माझा, त्यानंच डबा मेला. मला कितीतरी दिवसांपासून माहीत आहे. मी बोलले नाही. माझं चुकलं.”

पुढं पाण्यात चाचा मधोमध पोचले होते, छातीशी काठी धरून उभे. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं असेल का, मला माहीत नाही. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. काठी वर केली आणि हाक मारली, “डाव्या अंगानं या! सबुरीनं!”

मामांनी गिअर टाकला.

“माफी मंग मागा, ताई,” ते म्हणाले. “आदी मागचं दार नीट लावा. बाईच्या अंगावर पानी यील.”

मी उतरून दार लावलं.